रात्री घरफोडी, सकाळी लूट: एका औषध दुकानाचं प्रकरण

घरफोडी आणि लूट या दोन्हींवरचे उपाय बहुतेक औषध दुकानांत एकाच यादीत सापडतात: कॅमेरे, अलार्म, दणकट कुलपं. पण रात्री रिकाम्या दुकानात शिरणारा चोर आणि दिवसा माणसासमोर हत्यार धरणारा लुटारू यांच्याशी अगदी उलट वागावं लागतं. पहिल्याला जितकं अडवता येईल तितकं अडवायचं, दुसऱ्याला लवकरात लवकर बाहेर जाऊ द्यायचं. ही गोष्ट दुकानात कुणी स्पष्ट सांगितलेली नसेल तर काय होतं, ते या प्रकरणात दिसतं. प्रकरण प्रशिक्षणासाठी रचलेलं आहे, दुकान आणि माणसं काल्पनिक आहेत. त्यातले तपशील मात्र अशा घटनांत पुन्हा पुन्हा दिसणारे आहेत.

दुकान रांगेतलं शेवटून दुसरं. शेवटचा गाळा कित्येक महिने बंद, मागे अरुंद बोळ. मालक स्वतः फार्मासिस्ट, त्यांच्या हाताखाली एक फार्मासिस्ट बाई आणि दोन सहायक. जवळच्या कर्करोग उपचार केंद्रातून चिठ्ठ्या येत असल्यामुळे मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, फेंटॅनिलचे पॅच या तीव्र वेदनाशामकांचा साठा इतर दुकानांपेक्षा जास्त. शिवाय अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम आणि कोडीनचं सिरप. काळ्या बाजारात ज्याला हमखास गिऱ्हाईक आहे असं सगळं एका कुलूपबंद लाकडी कपाटात होतं. गल्ल्यात फारशी रोकड राहत नसे, त्यामुळे आपल्याकडे चोरण्यासारखं काही नाही, असं मालकांना प्रामाणिकपणे वाटत होतं.

ती रात्र

मध्यरात्रीनंतर अलार्म वाजला. मालक आले, दर्शनी शटर पाहिलं, कुलूप जागेवर होतं. मागच्या बोळात अंधार म्हणून तिकडे गेले नाहीत. अलार्म पुन्हा लावून घरी परतले. तासाभरात तो पुन्हा वाजला, पुन्हा फेरी झाली, पुन्हा काही दिसलं नाही. तिसऱ्यांदा अलार्मवर लक्ष ठेवणाऱ्या कंपनीचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "सेन्सर बिघडलाय. सकाळी बघतो, आता बंद ठेवा."

चोराला नेमकं हेच हवं होतं. मागच्या दाराला धक्का द्यायचा, लांब उभं राहून पाहायचं: कोण येतं, किती वेळात येतं, कुठे बघतं, कुठे बघत नाही. दोनतीनदा असं झालं की माणूस यंत्रालाच दोष देतो. ज्या रात्री अलार्म पुन्हा पुन्हा वाजतो ती रात्र सर्वांत धोक्याची समजावी. अशा वेळी एकट्याने आत जाऊ नये आणि अलार्म बंद करूनही घरी जाऊ नये. पोलिसांना बोलवावं आणि दुकानाच्या चारही बाजू पाहून घ्याव्यात. बंद गाळ्याला लागून असलेली भिंत आणि छप्पर यांकडेही बघावं, कारण सराईत चोर अनेकदा दाराच्या वाटेला जातच नाही.

इथेही तसंच झालं. बंद गाळ्यातून विटांची भिंत फोडून माणूस आत आला. अलार्मचे सेन्सर फक्त दारांवर होते, भिंतीच्या आत हालचाल टिपणारं काहीच नव्हतं. आत आल्यावर त्याने मुख्य वीज बंद केली, कपाटाची फळी उचकटली आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबाच उचलून नेला. तो काउंटरखाली, सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला होता.

सकाळी पहिला सहायक आला. त्याने शटर गुडघ्याइतकं वर केलं आणि थांबला. आत जमिनीवर विटांची भुकटी दिसत होती. त्याने फोन केला तेव्हा मालकांनी सांगितलं, "आत पाऊल टाकू नकोस. रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहा, मी पोलिसांना कळवतो." त्या दिवसातला हा सर्वांत चांगला निर्णय. चोर अजून आत असू शकतो, आणि नसला तरी पहिली दहा मिनिटं आपलीच माणसं पुरावे तुडवतात.

गोळ्यांपलीकडचं नुकसान

पोलिसांचं काम झाल्यावर मालक कपाटातला साठा मोजायला बसले. फार्मासिस्ट बाई मात्र काउंटरच्या मागच्या फळीकडे गेल्या. रुग्णांनी संध्याकाळी न्यायच्या म्हणून बांधून ठेवलेल्या पिशव्या तिथे नव्हत्या. प्रत्येक पिशवीवर नाव, पत्ता आणि औषधाचं लेबल होतं. "सर, गोळ्या गेल्या त्या गेल्या, पण कुणाच्या घरी मॉर्फिन असतं ते आता त्याला पत्त्यासकट माहीत आहे."

हे ज्यांच्या लक्षात येतं अशी माणसं दुकानात असणं फार मोलाचं आहे. रुग्णाची गोपनीय माहिती गेली, हा त्यातला एक भाग. वेदनाशामक घरी बाळगणाऱ्या आजारी माणसाचं घर हे पुढचं लक्ष्य ठरू शकतं, हा त्याहून गंभीर. त्यांनी त्याच दिवशी त्या सगळ्या घरी फोन केले. न घाबरवता, पण काहीही न लपवता: काय गेलं, त्यावर काय लिहिलेलं होतं, औषध घरात कुठे ठेवावं, आणि अनोळखी माणूस दुकानातून आलोय म्हणाला तर दार उघडण्याआधी दुकानात फोन करावा. त्याच फोनवर आजचा डोस कुठून मिळेल हेही सांगितलं. कर्करोगाच्या वेदना विमा कंपनीचा माणूस येऊन जाईपर्यंत थांबत नाहीत. शेजारच्या दोन दुकानांशी आणि उपचार केंद्राशी बोलून त्यांनी दुपारपर्यंत प्रत्येकाची सोय लावली.

दुसरी गोष्ट फ्रिजची. वीज कितीला गेली ते कुणालाच माहीत नव्हतं. इन्शुलिन आणि बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हव्यात. आत हात घालून "अजून गार आहे" म्हणणं हा निकष होऊ शकत नाही. तापमान नोंदवणारं बॅटरीवरचं यंत्र असतं तर प्रश्न पाच मिनिटांत सुटला असता. ते नसल्यामुळे सगळा माल वेगळा काढून त्यावर 'विक्रीस नाही' असं लिहावं लागलं, उत्पादकांना विचारावं लागलं आणि बराचसा शेवटी नष्ट करावा लागला. फोडलेल्या, जमिनीवर सांडलेल्या किंवा हाताळलेल्या पॅकचंही तेच. वरून नीट दिसतो म्हणून तो फळीवर परत ठेवायचा नाही.

आणि मग हिशोब. नेमकं किती गेलं, हे मालकांना सांगता येईना. नियंत्रित औषधांच्या, म्हणजे ज्यांच्या साठ्याचा काटेकोर हिशोब ठेवावा लागतो अशा औषधांच्या, वहीतली शिल्लक आणि कपाटातली प्रत्यक्ष शिल्लक कित्येक आठवडे ताडून पाहिलेली नव्हती. बहुतेक देशांत अशी चोरी केवळ पोलिसांपुरती राहत नाही, औषध नियंत्रकालाही कळवावी लागते. अमेरिकेत चोरी लक्षात आल्यावर एका कामकाजाच्या दिवसात औषध अंमलबजावणी विभागाला लेखी कळवायचं असतं आणि सविस्तर अर्ज ४५ दिवसांत भरायचा असतो. मुदती ठिकठिकाणी वेगळ्या असतील, पण गेलेल्या गोळ्यांचा आकडा सगळीकडे विचारतातच. दर आठवड्याला मोजणी होत नसेल तर तो आकडा अंदाजाचा होतो, आणि अंदाजाच्या आकड्यामागे आधीची आतली गळतीही दडून जाते.

संशय

मालकांना एकच प्रश्न छळत होता: चोर थेट त्याच कपाटाकडे कसा गेला? इतरत्र त्याने फारशी शोधाशोध केली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एका मुलाचं नाव त्यांच्या तोंडी येऊ लागलं. पोलिसांना त्याचं नाव देणं ठीकच होतं, जुन्या-नव्या सगळ्या कर्मचाऱ्यांची यादी द्यावीच. पण ते नाव दुकानातही उघड बोललं जाऊ लागलं आणि उरलेले दोघे सहायक गप्प गप्प राहू लागले.

उत्तर फार्मासिस्ट बाईंनी काउंटरच्या बाहेर उभं राहून शोधलं. रांगेत तिसऱ्या जागी उभं राहिलं की गल्ल्याचा संगणक आणि खोकल्याच्या औषधांचा स्टँड यांमधल्या फटीतून कपाटाचं दार सरळ दिसायचं. विशेष लेबल लावलेली चिठ्ठी आली की फार्मासिस्ट कमरेची किल्ली काढून तिकडे जातो, हे कुणीही दोन फेऱ्यांत टिपू शकत होतं. फितुरी नाकारता येत नव्हती, पण त्या चोरीला फितुरीची गरजच नव्हती. कुठल्याही दुकानमालकाने आपल्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभं राहून इकडेतिकडे पाहावं. काउंटरच्या आतून ते कधीच दिसत नाही.

बंदोबस्त, आणि त्यानंतर

मालकांनी हात आखडता घेतला नाही. सामाईक भिंतीला आतून पोलादी जाळी, भिंतीला कंप टिपणारे सेन्सर, आत हालचालीचे सेन्सर, तार कापली तरी मोबाइल नेटवर्कवरून चालणारा अलार्म. रेकॉर्डिंगचा डबा कुलपात गेला आणि त्याची प्रत दुकानाबाहेर साठवली जाऊ लागली. लाकडी कपाटाच्या जागी जमिनीत बोल्ट केलेली तिजोरी आली आणि तिला विलंबाचं कुलूप. आकडे दाबल्यावर दहा मिनिटांनी उघडणारं, मालकांनाही त्याआधी न उघडणारं.

या कुलपाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण औषध दुकानांसाठी याहून उपयोगी वस्तू मला माहीत नाही. लुटारूला वेळ परवडत नाही. दोन-तीन मिनिटांत बाहेर पडायचं हाच त्याचा बेत असतो. तिजोरी दहा मिनिटं उघडणारच नसेल आणि हे त्याला आत येण्याआधी माहीत असेल, तर बेत मुळातच फसतो. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाने २०१५ साली सगळ्या औषध दुकानांना अशा तिजोऱ्या सक्तीच्या केल्या. मग अल्बर्टाने २०२२ मध्ये आणि ऑन्टारियोने २०२४ पासून तेच केलं. त्यातला 'सगळ्या' हा भाग महत्त्वाचा. एकाच दुकानात तिजोरी असेल तर लुटारू शेजारच्या दुकानात जातो. सगळीकडे आहे हे माहीत झालं की औषध दुकान लुटण्यातली कमाईच आटते.

अमेरिकेच्या नियमांत आणखी एक मार्ग दिलेला आहे: नियंत्रित औषधं एका जागी न ठेवता इतर साठ्यात विखरून ठेवायची. रात्री अंधारात शोधणाऱ्या चोरापुढे हे चांगलं चालतं. लुटीच्या वेळी मात्र फार्मासिस्टला पाठीशी हत्यार घेऊन फळीफळीवर फिरावं लागतं, म्हणून माझा कल तिजोरीकडे आहे.

आता मालकांचं काय राहिलं? दोन गोष्टी. तिजोरीला विलंबाचं कुलूप आहे अशी पाटी दारावर लावलीच नाही, दुकान "तुरुंगासारखं" दिसेल म्हणून. आणि सकाळच्या गर्दीत दर वेळी दहा मिनिटं थांबायचं जिवावर येऊ लागलं, तसा ऑक्सिकोडोनचा एक मोठा डबा काउंटरखालच्या खणात मुक्कामाला राहू लागला. एवढा खर्च करून बांधलेली सुरक्षा रोजच्या सोयीपुढे अशी हळूहळू वाकते.

तिसरी गोष्ट त्यांच्या हातातली नव्हती. एकदा फुटलेली जागा पुन्हा लक्ष्य होण्याची शक्यता पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असते. इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात घरफोड्या रोखण्यासाठी झालेल्या कामातून हे ठळकपणे पुढे आलं, आणि नंतरच्या अभ्यासांतही ते टिकलं. चोराला जागा कळलेली असते आणि गेलेला माल पुन्हा भरला जाणार हेही त्याला ठाऊक असतं. या दुकानात आता रात्रीची वाट बंद झाली होती. उरली दिवसाची.

ती सकाळ

सहा आठवड्यांनी, दुकान उघडायच्या वेळी फार्मासिस्ट बाई एकट्याच होत्या. सहायकाला यायला उशीर झाला होता. शटर वर गेलं, दिवे लागले आणि टोपी-मास्कमधला एक माणूस आत आला. त्याने काउंटरवर कागद सरकवला. त्यावर दोन औषधांची नावं होती. दुसऱ्या हातात चाकू.

बाईंनी तळवे काउंटरवर ठेवले. "देते. खालचा खण उघडते आहे, डाव्या हाताने." प्रत्येक हालचाल करण्याआधी ती बोलून दाखवायची, हे त्या कुठेतरी शिकल्या होत्या. घाबरलेल्या लुटारूला अचानक वाकणारा माणूस दिसला की त्याचा हात चालतो. खणातला डबा त्यांनी दिला. त्याने तिजोरीकडे बोट केलं. "ती दहा मिनिटांनी उघडते. आकडे मी आत्ता दाबते, पण त्याआधी ती माझ्याकडूनही उघडत नाही." त्याचा विश्वास बसेना, आवाज चढला. दारावर पाटी असती तर हे वाक्य त्याने बाहेरच वाचलं असतं.

नेमका त्या क्षणी सहायक पोचला. काचेतून त्याला सगळं दिसलं आणि त्याने जे केलं ते ऐकताना आजही प्रशिक्षणात निम्मी माणसं मान डोलावतात: त्याने शटर खाली ओढायला सुरुवात केली. चोर आत कोंडायचा आणि पोलिसांना बोलवायचं.

शटर छातीपर्यंत आलं तसा आतल्या माणसाने वळून पाहिलं आणि तो काउंटरला वळसा घालून बाईंच्या बाजूला आला. आतापर्यंत त्यांच्यात एक काउंटर होतं, आता काहीच नव्हतं. बाई ओरडल्या, "दादा, शटर सोड! जाऊ दे त्याला, बाजूला हो!" सहायकाने क्षणभर शटर तसंच धरलं, मग सोडलं. शटर वर गेलं आणि माणूस डबा घेऊन वाकून बाहेर पळाला.

हे सगळं दीड-दोन मिनिटांत झालं. त्या क्षणी कोंडलेल्या लुटारूकडे माल, चाकू आणि ओलीस धरायला माणूस असं सगळं होतं, फक्त बाहेर पडायची वाट नव्हती. मुलाचं धाडस खरं होतं, हेतू चांगला होता, आणि त्यामुळेच हा विषय आधी बोलून ठेवावा लागतो. भिंत, जाळी, तिजोरी यांनी अडवायचं. माणसाने अडवायचं नाही. मूक अलार्मचं, म्हणजे दुकानात आवाज न करता मदत बोलावणारं, बटण हात आपोआप जिथे असतो तिथे हवं आणि लुटारूच्या नजरेत येणार नसेल तरच दाबावं, नाहीतर तो गेल्यावर. पाठलाग कधीच नाही.

नंतरचा तास

बाईंनी दार आतून लावलं, पोलिसांना फोन केला, तो कुठल्या दिशेला गेला ते सांगितलं. कागद काउंटरवरच राहिला होता. त्यांनी त्यावर उपडा ट्रे ठेवला, हात लावला नाही. मग सहायकाला एका टोकाला बसवलं, स्वतः दुसऱ्या टोकाला बसल्या आणि दोघांनी एकमेकांशी न बोलता जे आठवतं ते लिहून काढलं. आधी बोलणं झालं की दोन आठवणींची एक होते आणि साक्षीची किंमत जाते.

बाईंना चाकूची मूठ अगदी नीट आठवत होती, तिच्यावर गुंडाळलेल्या चिकटपट्टीसकट. चेहऱ्याबद्दल जवळजवळ काहीच सांगता येईना आणि त्याची त्यांना फार खंत वाटली. तसं वाटायचं कारण नव्हतं. १९८७ साली मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळ्यांच्या हालचाली टिपून दाखवलं की समोर हत्यार असेल तर नजर त्यावरच पुन्हा पुन्हा जाते आणि चेहरा नीट टिपला जात नाही. ते काम कॅमेऱ्याचं. इथला कॅमेरा छताजवळ होता आणि त्याने टोपीचा शेंडा उत्तम टिपला. नंतर एक कॅमेरा दाराशी चेहऱ्याच्या उंचीवर बसवला आणि चौकटीवर उंचीच्या खुणांची पट्टी लावली.

दुपारी मालकांनी सगळ्यांसमोर सहायकाची पाठ थोपटली, "वाघ आहे माझा!" मला हे मुळीच पटत नाही. रागावायला नको होतंच. पण सगळ्यांसमोर शाबासकी दिली की पुढच्या वेळी दुसरा मुलगा त्याहून पुढे जातो. त्याला बाजूला घेऊन, त्याने शटर सोडलं म्हणून सगळे धडधाकट आहेत, एवढं सांगायला हवं होतं.

मालकांनी दुसऱ्याच दिवशी समुपदेशक बोलावून सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि घडलेलं सगळं पुन्हा बोलून घ्यायचं ठरवलं. फार्मासिस्ट बाईंनी नको म्हटलं आणि ते बरोबर होतं. लगेच घेतलेल्या अशा एका सक्तीच्या बैठकीने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, असंच अभ्यासांतून दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं २०११ चं मार्गदर्शन साधं आहे: माणूस सुरक्षित आहे ना ते पाहा, ऐकून घ्या, बोलायला भाग पाडू नका, गरज लागेल ती मदत जोडून द्या. बाईंना चार दिवस सुट्टी आणि पुढचा महिनाभर दुपारची पाळी दिली. झोप उडणं, दचकणं, दार वाजलं की घाम फुटणं हे काही आठवड्यांत कमी झालं नाही तर तज्ज्ञाकडे जायचं, हे सगळ्यांना लेखी दिलं.

आता दुकानात

दारावर, काउंटरवर आणि तिजोरीवर विलंबाच्या कुलपाच्या पाट्या लागल्या. खणातला डबा गेला. तिजोरी दिवसातून ठरलेल्या वेळी उघडते आणि रुग्णांना फोनवर तशीच वेळ दिली जाते. नियंत्रित औषधं पुरवठादाराकडून कमी प्रमाणात, पण जास्त वेळा मागवली जातात. दर शनिवारी दोघांनी मिळून मोजणी आणि दोघांच्या सह्या. बांधलेल्या पिशव्या बंद कपाटात जातात.

काउंटरखाली लोखंडी दांडका ठेवावा का, असं मालकांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर 'नाही' असंच आहे. तो हातात घेतला की लुटारूच्या हातातल्या हत्यारालाही कारण मिळतं.

सर्वांत अवघड गेलं ते सकाळचं उघडणं. दोन माणसं लागतात. एक दुकान उघडून आत फेरी मारतो, दुसरा रस्त्यापलीकडे थांबतो. आत सगळं ठीक असेल तर दर्शनी काचेतली हिरवी पाटी उलटी केली जाते. पाच मिनिटांत ती उलटली नाही तर बाहेरचा माणूस आत न जाता पोलिसांना फोन करतो. रात्री बंद करतानाही हाच क्रम. दोन माणसं जमत नव्हती, म्हणून मालकांनी दुकान अर्धा तास उशिरा उघडायचं ठरवलं आणि उपचार केंद्राला नवी वेळ कळवली. सुरुवातीला दोन-तीन रुग्णांनी कुरकुर केली. त्यांच्यासाठी आदल्या संध्याकाळी औषध घरपोच देण्याची व्यवस्था झाली, आणि पिशवीवर आता औषधाचं नाव नसतं.